गुळगुळीत आकाश

चित्र परत आलं ते मंगळवारी सकाळी, टेम्पोच्या मागे दोन लोखंडी कपाटांच्या मधे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. सांस्कृतिक भवन पाडायला घेतलं होतं. खुर्च्या कुणी नेल्या, पडदे कुणी नेले, पंखे तर आदल्या दिवशीच गायब झाले होते. चित्राला मात्र कुणी हात लावला नाही. व्यवस्थापकाने फोनवर सांगितलं, "साहेब, तुमचं आहे, तुम्हीच ठेवा. नव्या इमारतीत भिंतीच नाहीत हो, सगळी काच आहे."

आता याला काय म्हणावं? एकवीस वर्षं याच चित्राखाली उभं राहून शहराने स्वतःची पाठ थोपटून घेतली. भाषणं झाली, सत्कार झाले, पाहुण्यांचे फोटो निघाले. आणि आता त्याच शहरात त्याला टांगायला एक खिळा मिळेना. चित्रकाराने टेम्पोवाल्याच्या मदतीने ते जिन्यावरून वर आणलं, मागच्या खोलीत, म्हणजे त्याच्या कामाच्या खोलीत, भिंतीला टेकवलं आणि चादर काढली.

चित्राचं नाव 'शहर'. उभा कॅनव्हास, माणसाच्या खांद्याला लागेल एवढा. खाली छपरं, पाण्याच्या टाक्या, वायरींचं जंजाळ, आणि वर अर्ध्याहून जास्त जागेत नुसतं आकाश. मळकट दुधाच्या रंगाचं आणि काचेसारखं गुळगुळीत. त्यात ब्रशचा एक फटकारा दिसत नव्हता की रंगाचा एक उंचवटा नव्हता. त्या आकाशाने त्याला नाव मिळवून दिलं. वर्तमानपत्रांनी त्यावर रकाने भरले, आणि त्याचा जुना मित्र कवी, त्याने तर त्या आकाशावर कविताच केली. ती पितळी पट्टीवर कोरून चित्राखाली बसवली होती. ती पट्टीही परत आली होती, चार स्क्रूंसकट, प्लास्टिकच्या पिशवीत.

पुढच्या खोलीतून टक टक आवाज आला. बायको चमच्याने खाटेच्या दांडीवर वाजवत होती. हाक मारायची तिची आता हीच रीत. चार महिन्यांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं, मानेत पुढच्या बाजूला एक भोक ठेवलं, त्यातून ती श्वास घ्यायची. दुखणं तिथेच थांबलं असतं तर गोष्ट वेगळी, पण ते छातीत उतरलं होतं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी चित्रकाराला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठून सांगितलं, "सहा आठवडे धरा. जे काही करायचं ते आता करून घ्या." तो चेहरा सावरून आत गेला, आणि बायकोने त्याच्याकडे एकदाच पाहून पाटीवर लिहिलं, "किती?" चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईपासून काय लपतं? त्याने सहा बोटं दाखवली. तिने मान डोलावली आणि पाटी पुसली.

पाटी म्हणजे लहान मुलांची असते तीच, लाकडी चौकटीची. वही तिला नको होती. वहीत नको ते साठत जातं, असं तिने लिहून कळवलं. आणि पाटीवर आल्यापासून चाळीस वर्षांचं 'अहो' तिने पार सोडून दिलं होतं. सरळ अरे-तुरे. का म्हणून विचारलं तर लिहिलं, "अहो-जाहोला खडू परवडत नाही."

आज पाटीवर होतं, "भवनातलं आलं?"

"आलं. रद्दी पाठवावी तसं पाठवलंन," चित्रकार म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. एकदा बसला की त्याचं सुरू व्हायचं. "या शहराला ना, चित्रही नको, कविताही नको. भिंतच नको म्हणे! खाली जाऊन बघ, प्रत्येक खांबावर एकेक थोबाड छापून लावलंय. आणि गंमत बघ, गाणाऱ्यांची तोंडं मिटलेली आणि पुढाऱ्यांची उघडी. गाण्याच्या कार्यक्रमाची जाहिरात, आणि बाई ओठ मिटून साबण विकल्यासारखी हसतेय! अगं, गाताना माणूस असा दिसतो का? पूर्वी बोर्ड हाताने रंगवायचे, तेव्हा निदान रंगवणाऱ्याला तोंड बघावं तरी लागायचं..."

टक टक टक. बायकोने चमचा आपटला. मग पाटी पुसून लिहिलं, "माझं कुठाय?"

"तुझं काय?"

"मी गातेय ते."

चित्रकार तिच्या पायावरची चादर सारखी करायला लागला.

ते चित्र सव्वीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा या घरात रविवारी बैठक बसायची. कवी यायचा, दोन-चार टाळकी आणखी जमायची, आणि वादाला तोंड फुटायचं. कोणती कला मोठी? कवी म्हणायचा, शब्द, कारण शब्द माणसाच्या डोक्यात राहतो, त्याला भिंत लागत नाही. चित्रकार म्हणायचा, चित्र, कारण ते हाताला लागतं आणि आपल्या मागे उरतं. "आणि गाणं?" कुणीतरी विचारायचं. "गाणं काय, हवेत जातं. छान असतं, पण उरत नाही," हे दोघंही एका सुरात म्हणायचे. तेवढं एकमत व्हायचं त्यांचं. चहाचे कप उचलता उचलता बायको म्हणायची, "उरत नाही म्हणून तर पुन्हा गावं लागतं." मग सगळे हसायचे आणि म्हणायचे, "वहिनी, म्हणा काहीतरी." ती म्हणायची. तिचा गळा असा होता की खालच्या दुकानातला माणूस फळी लावता लावता थांबायचा. लहानपणापासून शिकलेली होती. रेडिओवाल्यांनी एकदा ध्वनिमुद्रणाला बोलावलंही होतं. पण त्याच दिवशी चित्रकाराच्या प्रदर्शनाचं उद्घाटन, पाहुण्यांचं चहापाणी कोण बघणार? राहिलं. पुन्हा त्यांनी बोलावलं नाही. घरात टेपरेकॉर्डर होता, पण त्यावर कवीच्या कविता आणि या दोघांचे वाद भरून ठेवलेले. तिचा एक सूर कुठे नाही.

पण चित्र होतं. एका रविवारी ती गात असताना चित्रकाराने ते सुरू केलं आणि महिनाभरात पुरं केलं. तोंड मोठं उघडलेलं, मानेच्या शिरा ताणलेल्या, गळ्यावर आणि ओठांवर रंग ब्रशने नाही तर सुरीने थापलेला, बोटभर जाड. बघणाऱ्याला वाटावं, रंगच बाहेर येतोय तोंडातून. लोकांनी नाकं मुरडली. "बाई किंचाळतेय की काय?" असंही एकाने विचारलं. बायको मात्र त्याच्यासमोर दहा मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "अशी दिसते होय मी? बरी दिसते की!" आणि पदराने डोळे पुसून आत गेली.

ते कुणी घेतलं नाही. पाच वर्षं भिंतीकडे तोंड करून उभं होतं. मग भवनाची स्पर्धा आली. मोठा कॅनव्हास हवा होता, विकत आणायची ऐपत नव्हती, मुदत तोंडावर आली होती. चित्रकाराने ते चित्र उचललं आणि त्याच्यावरच 'शहर' रंगवलं. बायकोला सांगितलं, परगावच्या एका डॉक्टरांनी घेतलं तुझं चित्र. तिने विचारलं, "कुठे लावलंय त्यांनी?" याने लोणकढी थाप ठोकली, "दिवाणखान्यात. खिडकीसमोर."

बास. तेवढ्यावर ती एकवीस वर्षं जगली. जेवताना मधेच म्हणायची, "ती माणसं आता जेवायला बसली असतील नाही? माझ्या समोर." कधी म्हणायची, "डॉक्टरांची मुलं मोठी झाली असतील." गाणं तर कधीच बंद झालं होतं. कामाच्या वेळी आवाज नको, हे चित्रकाराने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायची वेळच आली नाही.

आणि आता ती लिहीत होती. खडू करकरत होता. "त्या डॉक्टरांना विचार. एकदा बघू दे. आणता येत नसेल तर मला ने. मी गायचे याला दुसरा पुरावा नाही."

"बघतो," चित्रकार म्हणाला. दुसरं काय म्हणणार? मागच्या खोलीत जाऊन तो 'शहर'समोर उभा राहिला. तिचं तोंड नेमकं त्या आकाशाच्या मागे होतं.

कवीला त्याने दुपारी बोलावून घेतलं. कवी आता सत्तरीचा, काठी टेकत, धापा टाकत जिना चढून आला. आधी खाटेपाशी बसून म्हणाला, "काय वहिनी, आज रंग बरा आहे." तिने लिहिलं, "खोटारडा." मग तो मागच्या खोलीत आला आणि चित्रकाराने दार लोटून घेऊन सगळं सांगितलं.

कवीने कपाळाला हात लावला. "म्हणजे वहिनींच्या तोंडावर शहर रंगवलंस तू? आणि मी त्यावर कविता केली?"

"हळू बोल."

"अरे पण आता काय करणार?"

"वरचं काढणार. खालचं शाबूत आहे," चित्रकार म्हणाला. त्याच्या आवाजात जुना दिमाख आला. "माझी पद्धत तुला ठाऊक आहे. जुन्या चित्रावर रंगवायचं तर मधे वार्निशचा हात दिल्याशिवाय मी ब्रश उचलत नाही. ते वार्निश द्रावाने मऊ पडतं, की वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. विद्यार्थ्यांना पण हेच शिकवलं मी. खालचं चित्र झोपलेलं असतं, मेलेलं नसतं."

"आणि 'शहर'?"

"ते जाईल."

कवी उभाच राहिला. त्याचा चेहरा पडला. "रंगाऱ्या, वेडा आहेस का तू? तुझं सगळ्यात मोठं काम आहे हे. आणि माझी कविता..." तो थांबला, त्याची त्यालाच लाज वाटली, तरी बोललाच. "माझी लोकांना पाठ असलेली एकच कविता आहे, आणि ती या आकाशावर उभी आहे. आकाश गेलं तर ती कशावर उभी राहणार?"

"शब्दाला भिंत लागत नाही, असं तूच म्हणायचास."

"ते वादात म्हणायचो."

"मग आता खरं करून दाखव."

कवी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून बसला. मग म्हणाला, "दुसरं एक रंगवून दे ना. तशीच गाणारी बाई. त्यांना काय कळणार, सव्वीस वर्षांनी?"

"तिला कळेल," चित्रकार म्हणाला. "मला कळलं नाही तरी तिला कळेल." कवीने पितळी पट्टीची पिशवी उचलली, खांद्याला लावलेल्या झोळीत टाकली आणि वहिनींना न भेटताच जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. द्रावाचा वास फार उग्र. पूर्वी टर्पेंटाइनची बाटली उघडली की बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "खिडकी उघडा हो, जीव जाईल माणसाचा!" आता वास तिला येतच नव्हता. श्वास मानेतून, नाकाला काम नाही. पण त्या भोकाला वाफ सोसायची नाही, म्हणून चित्रकाराने दाराच्या फटीत ओली चादर कोंबली, खिडक्या सताड उघडल्या, आणि कापसाचे बोळे भिजवून खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. बोळा ठेवायचा, शंभर मोजायचे, उचलायचा, मग जुन्या ब्लेडने अलगद खरवडायचं. पहिली पाण्याची टाकी दुमडून वर आली आणि तिच्याखाली निळ्या साडीची कड दिसली. चित्रकाराचा जीव भांड्यात पडला. वार्निश होतं. पद्धत खरी ठरली.

आठ दिवस तो छपरं काढत होता. एकेक छप्पर त्याला ओळखीचं. ही कवीच्या जुन्या घराची गच्ची, हा नाटकाच्या थिएटरचा पत्रा, ही छापखान्याची धुरकट खिडकी, जिथे कवीचं पहिलं पुस्तक निघालं. त्यातलं खऱ्या शहरात आता एकही उरलेलं नव्हतं. पापुद्रे सुटून खाली पडायचे आणि तो ते सुपलीत भरायचा. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. खोटं कशाला बोला? पण खालून साडी येत होती, मांडीवरचा हात येत होता, ताल धरलेली दोन बोटं येत होती, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, जमलं, अजून वेळ आहे.

पुढच्या खोलीतून रोज टक टक व्हायची. "डॉक्टरांचा निरोप आला?"

"पाठवतायत. गाडीची सोय बघतायत."

"माणसं चांगली आहेत," ती लिहायची. रोज तिचं अक्षर आदल्या दिवशीपेक्षा वाकडं असायचं.

नवव्या दिवशी तो आकाशाला लागला. आधी वरून उतरला. केस आले, भांग आला, कपाळ, मग डोळे. डोळे अर्धे मिटलेले, सुरात हरवलेले, अगदी जसेच्या तसे. चित्रकार ब्लेड खाली ठेवून ढसाढसा रडला. मग नाक पुसून त्याने पुढचा बोळा ठेवला. शंभर मोजले. उचलला. खरवडलं.

खाली काहीच नव्हतं.

म्हणजे रंग होता, पण सपाट. फिकट मातकट रंगाचा एक गुळगुळीत डाग, त्यातून मधे मधे कॅनव्हासचे धागे दिसत होते. त्याला वाटलं, वरचा थर अजून सुटला नाही. पुन्हा बोळा, पुन्हा शंभर. धागे जास्तच दिसायला लागले. त्याने शेजारी खरवडलं, खाली खरवडलं, घाई केली. नाकापासून छातीपर्यंत सगळं तसंच. तोंड नाही, हनुवटी नाही, गळा नाही. आणि एकदम त्याला आठवलं.

काचपेपर.

गळ्यावर रंग बोटभर जाड होता. त्याच्यावर आकाश रंगवलं असतं तर ते उंचवटे आकाशातून वर दिसले असते. म्हणून त्याने वार्निश देण्याआधी ते घासून काढले होते. आधी खरखरीत, मग बारीक, पाणी लावून, एक अख्खी दुपार. गळा पार सपाट होईपर्यंत. वार्निश त्याच्या लक्षात राहिलं, कारण वार्निशचा त्याला अभिमान होता, विद्यार्थ्यांपुढे मिरवायची गोष्ट होती ती. घासणं हे हमालीचं काम. ब्रश धुतलेले कुणाच्या लक्षात राहतात? ज्या गुळगुळीत आकाशाचं शहराने एकवीस वर्षं कौतुक केलं ते एवढं गुळगुळीत का होतं, याचा विचार त्याने स्वतःसुद्धा पुन्हा कधी केला नव्हता. जिथे सगळ्यात जास्त जीव ओतला तीच जागा घासावी लागते, हे या धंद्यातलं मूलही सांगेल.

मग त्याने जे करू नये ते करायला घेतलं. रंगाच्या ट्यूब काढल्या. म्हटलं, तोंड आपण पुन्हा रंगवू. हात आपलाच, बाई आपलीच. पहिल्या दिवशी ओठ आले ते जांभई दिल्यासारखे. पुसले. दुसऱ्या दिवशी आले ते ओरडल्यासारखे. पुसले. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून तो आठवायला बसला. रविवार, खोली, सतरंजी. कवी दिसला, कवीच्या बोटातली सिगारेट दिसली. आपण काय बोललो ते शब्दान्‌शब्द आठवलं. ती गाताना मात्र दिसेना. तिचा सूर ऐकू येईना. सूर लागला की आपण कवीच्या कानात पुढचा मुद्दा सांगत असायचो, हे मात्र त्याला लख्ख आठवलं. मग महिनाभर समोर बसवून ते चित्र काढलं तेव्हा काय बघितलं होतं? रंग बघितला होता. उजेड कुठून पडतो ते बघितलं होतं. तीन आठवडे निघून गेले होते. सहातले तीन.

टक टक.

"अजून नाही?" पाटीवर होतं. तिचे ओठ निळसर दिसत होते. "मला घाई आहे."

तिच्या या विनोदाने चित्रकाराचा बांध फुटला. तो उठला, मागच्या खोलीत गेला, कॅनव्हास उचलून आणला आणि तिच्या खाटेसमोर खुर्चीवर उभा केला. मग उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. "डॉक्टर कुणी नव्हताच. कुणी घेतलं नाही तुझं चित्र. मीच त्याच्यावर शहर रंगवलं. आता शहर काढलं, तर खाली हे. तोंड मीच घासून टाकलंय. काचपेपरने. मला आठवलंच नाही."

ती बघत राहिली. अडतीस वर्षांची ती, निळ्या साडीतली, डोळे अर्धे मिटलेली, आणि नाकाखाली नुसता डाग. चौसष्टाव्या वर्षीची ती खाटेवर, मानेतल्या भोकावर फडक्याची घडी. तिचा हात पाटीकडे गेला, पण तिने पाटी उचलली ती पालथी घालायला. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

त्या दिवशी चमचा वाजला नाही. संध्याकाळी औषध दिलं तेव्हा तिने ते घेतलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही. चित्रकार खाटेशेजारी बसून होता. एवढी वर्षं हे घर तिच्या आवाजाशिवाय चालवलं, याचं त्याला आज पहिल्यांदा भय वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टक टक झाली. तो धावत आला. पाटीवर एकच शब्द होता, "खुर्ची."

त्याने तिला उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. हातात काही वजनच लागलं नाही. तिने पाय जुळवले, पदर सारखा केला, मानेवरचं फडकं काढून मांडीवर ठेवलं. मग पाटीवर लिहिलं, "रंग आण. बघ आणि काढ."

"अगं, तुला झेपायचं नाही."

तिने चमचा आपटला.

तो रंग घेऊन समोर बसला. तिने दोन बोटांनी मांडीवर ताल धरला. डोळे अर्धे मिटले, तोंड उघडलं आणि गायला लागली. आवाज कसला? मानेतल्या भोकातून हवा सूं सूं करत जात होती, मधेच घरघरत होती. पण गाणं चाललं होतं. बोटं चुकत नव्हती, जिथे श्वास घ्यायचा तिथेच घेत होती, सूर वर जायचा तिथे हनुवटी वर जात होती. चित्रकार बघत होता. वरचा सूर आला की तिचा खालचा ओठ किंचित डावीकडे ओढला जायचा. चाळीस वर्षांत त्याने हे पाहिलं नव्हतं. त्या आधीच्या चित्रात तरी होतं का ते? आता कुणाला विचारणार? मानेची एक शीर उठून थरथरत होती आणि तिच्या शेजारी ते भोक उघडझाप करत होतं. त्याने ब्रश उचलला. काय दिसतं ते काढत गेला, जे दिसलं त्यातलं काही सोडलं नाही. ती थकली की थांबायची, खोकायची, त्याने भोक पुसून दिलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिने तेच गाणं चार वेळा म्हटलं. पाचव्यांदा मधेच तिची बोटं थांबली.

"झालं," तो म्हणाला आणि कॅनव्हास तिच्याकडे वळवला.

वरचे डोळे अडतीस वर्षांच्या बाईचे. खालचं तोंड चौसष्ट वर्षांच्या बाईचं, सुकलेले ओठ, गाल आत गेलेले, आणि गळ्यात ते काळं भोक. तिने बराच वेळ निरखून पाहिलं. मग पाटी घेतली. "दात कमी काढलेस."

"आहेत तेवढेच काढले."

ती हसली. हसण्याची सुद्धा आता नुसती हवाच. चित्रकारही हसला, त्याला वाटलं, निभावलं, माफ केलं हिने. तेवढ्यात तिने पाटी पुसली आणि पुन्हा लिहायला लागली. अक्षरं मोठी काढली, नीट वाचता येतील अशी.

"तेव्हा ऐकलं असतंस तर आज आठवलं असतं."

चित्रकाराने पाटी वाचली, पुन्हा वाचली. तिने ती त्याच्या समोर थोडा वेळ तशीच धरली, रागाने नाही, वाचून झालं का याची वाट बघत. मग तळहाताने पुसून टाकली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, "भूक लागलीय. पातळ कर."

चित्रकार उठला आणि स्वयंपाकघरात गेला. त्याच्या हातांना तिच्या ओठांचा रंग लागलेला होता, तो तसाच ठेवून त्याने गॅस पेटवला.